लगेच लिहावं की थांबावं? त्याआधी लेखक कुणाशी बोलतोय ते बघा

ऐरोलीची एक मुलगी आमच्या शनिवारच्या वाचन गटात येते, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून निघून आम्ही चार-पाच जण तलावपाळीला चहा घेत बसतो त्यात. तिने मला हा एवढा मोठा मेसेज टाकला. थोडक्यात सांगायचं तर, पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली गेली, त्यातले तिघं आपल्या डोंबिवलीचे, त्या रात्रीपासूनच सगळीकडे कवितांचा पूर आला आणि हिला मात्र एक ओळ सुचली नाही. महिनाभराने तिने दोन पानं लिहिली, ती आता शिळी वाटतायत. तर ताई, मोठ्या लेखकांनी अशा वेळी काय केलं, लगेच लिहिलं की थांबले, आणि कुणाचं बरोबर?

व्हॉइस नोटमध्ये हे मावणार नाही म्हणून लिहूनच पाठवते. लांबेल, चहा घेऊन बस.

मी सव्वीस वर्षं एका पेपरच्या रविवार पुरवणीवर होते, आता एका दिवाळी अंकाचा कवितांचा विभाग बघते. म्हणजे देशावर काही आलं की त्याचं लेखन धडाधड येऊन पडायचं ते माझ्या टेबलावर. कारगिलच्या वेळी टपालाची पिशवी यायची, आता इनबॉक्स भरतो, बाकी फार फरक नाही. पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्या कविता मी डोळे मिटून सांगू शकते. वीर-धीर-काश्मीर. 'शब्द थिजले' असं पहिल्या ओळीत म्हणून पुढे चाळीस ओळी न थिजता वाहणारे शब्द. मी चेष्टा करत नाहीये गं, ही माणसं खोटी नसतात, त्यांना खरंच भरून आलेलं असतं, पण भरून येणं आणि लिहिणं यात जे अंतर असतं ते चालायच्या आत त्यांनी सेंड दाबलेलं असतं.

पण म्हणून 'थांबा म्हणजे चांगलं लिहाल' हेही खरं नाही. मी बरीच वर्षं नवीन मुलांना हेच सांगायचे, सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवा वगैरे. आता नाही सांगत. का ते कळायला एकच घटना घेऊन तिच्यावर चौघांनी काय लिहिलं ते शेजारी शेजारी ठेवून बघ. तुलना करायची तर अशीच करावी, नाहीतर एक भूकंपावर, दुसरा युद्धावर, तिसरा दुष्काळावर, मग तुलना लेखकांची होतेय की संकटांची तेच कळत नाही.

जालियनवाला बाग, १३ एप्रिल १९१९.

रवींद्रनाथांनी सात आठवड्यांत लिहिलं, आणि काय लिहिलं, तर पत्र. एवढा मोठा कवी, नोबेल मिळालेला, त्याने कविता नाही लिहिली. आधी गांधीजींना विचारलं, आपण दोघं मिळून पंजाबात जाऊ, ते जमलं नाही, मग कलकत्त्यात निषेधसभा घ्यायचं बघितलं, तेही जमेना, शेवटी एका रात्री बसून व्हाइसरॉय चेम्सफर्डला पत्र लिहिलं की १९१५ साली दिलेला सर हा किताब परत घ्या, माझ्या माणसांचा असा अपमान होत असताना ही मानाची चिन्हं अंगावर लाजेसारखी वाटतायत, मला त्यांच्यासोबत कसल्याही बिरुदाशिवाय उभं राहायचंय. पत्र छोटं आहे, एक विशेषण जास्त नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात लेखक स्वतःच्या खिशातलं काहीतरी काढून टेबलावर ठेवतोय.

नानक सिंग, पुढे पंजाबी कादंबरीतलं मोठं नाव झाले ते, त्या दिवशी बागेतच होते. वय एकवीस. बेशुद्ध होऊन प्रेतांच्या ढिगात पडले, बरोबरचे दोन मित्र गेले. त्यांनी वर्षभरात 'खूनी वैशाखी' हे दीर्घकाव्य लिहून छापलं, सरकारने लगेच जप्त केलं, पुढे साठेक वर्षं त्याची प्रतसुद्धा कुठे नव्हती. हा तर आतून आलेला माणूस. त्याला निषेधाची पोज घ्यायची गरजच नाही, तो काय काय झालं ते ओळीने सांगत जातो.

सुभद्राकुमारी चौहान, हो त्याच, 'झाँसी की रानी' या हिंदी कवितेवाल्या. त्यांची 'जलियाँवाला बाग़ में बसंत'. ती कविता ब्रिटिशांशी बोलत नाही, देशाशीही बोलत नाही, ती बोलते वसंत ऋतूशी. ये, पण हळू ये, ही शोकाची जागा आहे, इथे गलबला करू नकोस, वारा आणलास तर जरा सावकाश वाहू दे, फुलं आणलीस तर फार भडक नकोत. दुःखाच्या घरी लहान मुलाला घेऊन जाताना आई दारातच कानात जे सांगते ना, त्या आवाजात पूर्ण कविता आहे. डायरचं नाव घेऊन शंभर शिव्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

आणि चौथा उर्दू कथाकार मंटो. अमृतसरलाच वाढलेला पोरगा, गोळीबार झाला तेव्हा पुरता सात वर्षांचाही नव्हता. पंधराएक वर्षांनी त्याने पहिली गोष्ट लिहिली, 'तमाशा'. त्यात बाग जवळजवळ नाहीच. घरात कोंडलेला एक लहान मुलगा आहे, वरून विमानं जातायत, लांबून आवाज येतायत, त्याला वाटतं कसला तरी तमाशा असणार, जायला मिळावं. मग खिडकीखाली रस्त्यात एक जखमी मुलगा येऊन पडतो.

आता तुझा प्रश्न यांना लावून बघ. सात आठवडे, एक वर्ष, पंधरा वर्षं. कोण चुकलं? कुणीच नाही. म्हणजे घड्याळ बघून काही कळत नाही.

मग मी काय बघते, तर हा मजकूर कुणाला उद्देशून आहे. पाकिटावर नाव कुणाचं आहे. टागोरांच्या पाकिटावर चेम्सफर्ड, सुभद्राकुमारींच्या पाकिटावर वसंत. आणि मंटोच्या गोष्टीला पाकीटच नाही, तो कुणाशीच बोलत नाही, फक्त खिडकी उघडून देतो. माझं मत असं बनत गेलंय की तातडीने लिहिलेल्याला पत्ता लागतो आणि उशिरा लिहिलेल्याला पत्त्याशिवाय चालतं, त्याला तपशील लागतो. दोन्ही नसलं की ते आमच्या इनबॉक्समधलं वीर-धीर-काश्मीर होतं.

फाळणीवर बघ. पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम निर्वासित म्हणून डेहराडूनला आलेल्या, कामाच्या शोधात दिल्लीला जाऊन परत येताना रात्रीच्या गाडीत त्यांनी 'हीर' लिहिणाऱ्या वारिस शाहला हाक मारणारी ती कविता लिहिली. पंजाबच्या एका हीरसाठी तू एवढा मोठा विलाप लिहिलास, आज लाखो लेकी रडतायत, उठ कबरीतून आणि बोल. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या कवीला मारलेली हाक. आणि गंमत बघ, लोकांनी भांडण काढलं ते कवितेवर नाही, पत्त्यावर. शिखांतले काही म्हणाले वारिस शाहला कशाला, गुरु नानकांना का नाही, आणि कम्युनिस्टांचं म्हणणं हाक लेनिनला मारायला हवी होती. मला हा किस्सा भयंकर आवडतो, कारण टीका करणाऱ्यांनाही कळलेलं होतं की कवितेची सगळी ताकद कुणाला हाक मारली यातच आहे. वारिस शाह निवडला म्हणून ती कविता सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिली. लेनिनला मारली असती तर आज कुणी म्हटली असती का?

गुजरातीत पारुल खख्खर यांचं तसंच झालं. कोविडची दुसरी लाट, मे २०२१, गंगेत प्रेतं वाहत असल्याच्या बातम्या, आणि या अमरेलीच्या बाई, तोवर गझला आणि भक्तीच्या कविता लिहिणाऱ्या, चौदा ओळींची 'शबवाहिनी गंगा' लिहितात. थेट 'राज' म्हणून राजाला हाक. काही दिवसांत किती भाषांत गेली ती, आणि तिकडच्या साहित्य अकादमीच्या मासिकात तिच्यावर टीकाही आली. नाव न घेता हाक मारली होती तरी ज्यांना ऐकू जायची त्यांना गेली.

राजकुमार केसवानींचं तर उलटंच. भोपाळची गॅस २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटली, हा पत्रकार १९८२ पासून आपल्या 'रपट' नावाच्या छोट्या साप्ताहिकात लिहीत होता, मथळा होता 'बचाइए हुज़ूर, इस शहर को बचाइए'. बैल गेला आणि झोपा केला ही आपली जुनी रीत, हा माणूस बैल गोठ्यात असतानाच ओरडत होता. हुजूर! पत्ता होता, पण पत्र उघडलं नाही कुणी. आपण शोककाव्यांचे संग्रह काढतो, यांच्या त्या बातम्या कोणी काढत नाही. पण राष्ट्रीय शोकांतिकेवर लेखकाने काय करावं असं मला कोणी विचारलं तर मी पहिलं नाव हे घेईन.

आता यात न बसणारं एक सांगते, नाहीतर म्हणशील ताईंनी आपला नियम बरोबर ठरावा म्हणून सोयीची माणसं निवडली. मंटोचंच 'सियाह हाशिये', फाळणीच्या पुढच्याच वर्षी आलेलं, अगदी ताजं, आणि पत्ता अजिबात नाही. दोन ओळींच्या, चार ओळींच्या गोष्टी. त्यातली एक अशी की दंगलीत बर्फ विकणाऱ्याचा खून झालाय, रस्त्यावर वितळणाऱ्या बर्फात रक्त मिसळून ते थरथरतंय, टांग्यातून जाणारं एक पोर आईला म्हणतं, आई बघ जेली. संपली गोष्ट. मंटोने त्यात स्वतःसाठी एक शब्द ठेवलेला नाही, मला काय वाटलं, माझं काळीज कसं हललं, काही नाही. लोक चिडले त्याच्यावर, प्रेतांच्या खिशातून विनोद काढतो म्हणाले. हे कसं जमलं त्याला, मला सांगता येत नाही. तू मात्र पहिल्याच फटक्यात हे करायला जाऊ नकोस, आमच्याकडे दर वर्षी दहा जण मंटो व्हायला जातात आणि नुसते क्रूर होतात.

उशिरा लिहिण्याचं माझं लाडकं उदाहरण मात्र आपल्या दारातलं आहे. हिंदी लेखक भीष्म साहनी मूळचे रावळपिंडीचे. १९४७ च्या मार्चमधली तिथली दंगल त्यांनी बघितलेली, मदत समितीत काम केलेलं. त्यावर लगेच कादंबरी नाही लिहिली. वर्षं गेली, दिल्लीत शिकवत होते, गोष्टी लिहीत होते. मग मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली आणि भाऊ बलराज साहनींबरोबर ते भिवंडीत आले. गाव मागवाल्यांचं, घराघरात माग, आणि आगीत त्या यंत्रमागांचं लोखंडसुद्धा वितळलेलं, गल्ल्या रिकाम्या. तिथे फिरताना त्यांना वाटायला लागलं की हे मी आधी बघितलंय, ही शांतता माझ्या ओळखीची आहे. दिल्लीला परतले आणि लिहायला बसले, ते 'तमस'. १९७३ ला आली, पुढे साहित्य अकादमी मिळालं, १९८८ ला गोविंद निहलानींनी दूरदर्शनवर केली तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या चाळीत टीव्हीसमोर कोणी हलत नव्हतं ते मला आठवतंय.

तू कधी माजिवड्याहून बाळकूम, कशेळीच्या पुलावरून भिवंडीला गेली असशील तर मागांची खटखट रस्त्यापर्यंत येते. तो आवाज बंद पडला तर गाव कसं वाटेल एवढा विचार करून बघ, म्हणजे साहनींना तिथे रावळपिंडी का दिसली ते कळेल.

आणि 'तमस' सुरू कुठून होते? नेहरू-जिना-माउंटबॅटन नाही. एका कोंदट कोठडीत नथू नावाचा एक चामड्याचं काम करणारा माणूस रात्रभर एक डुक्कर मारायचा प्रयत्न करतोय आणि ते मरत नाहीये. पाच रुपये मिळालेत त्याला त्याचे, डॉक्टरसाहेबांना पाहिजे असं सांगितलंय. पणती विझत आलीय, अंगाला घाम, ते जनावर कोपऱ्यातून कोपऱ्यात. पानंच्या पानं. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर असणार आहे हे ना त्याला माहीत ना आपल्याला. तेवीस वर्षं थांबल्यावर साहनींकडे काय उरलं होतं तर पाच रुपये आणि एक डुक्कर. थांबण्याचा फायदा असलाच तर हा, की मोठे मोठे शब्द गळून जातात. पण नुसतं थांबून ते होत नाही. भिवंडीत येऊन पुन्हा बघावं लागलं त्यांना.

मराठीत याच जातीचं व्यंकटेश माडगूळकरांचं 'वावटळ'. गांधीहत्या झाली, आणि त्यानंतर आपल्याकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यावर आपल्या साहित्यात किती कमी लिहिलं गेलंय. माडगूळकरांनी बरीच वर्षं जाऊ दिली आणि मग लिहिलं, पुण्यातली तरुण पोरं गावाकडे निघतात आणि वाटेवर काय काय बघतात एवढंच. आरोपपत्र नाही, रडगाणं नाही, जाळणारेही ओळखीचेच. ज्यांचं घर जळलं त्यांच्या बाजूने लिहितानाही आवाज चढू दिलेला नाही, हे फार अवघड असतं. गांधीहत्येवर साने गुरुजींनी काय केलं? प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचा उपास, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक काढलं. आधी शरीर पणाला लावलं आणि मग कागद. अत्र्यांचा पिंड वेगळाच. नेहरू गेले तेव्हा ते 'मराठा'त रोजच्या रोज अग्रलेख लिहीत राहिले, त्याचं 'सूर्यास्त' हे पुस्तक झालं. ओसंडून वाहणारं लेखन, मला एका बैठकीत वाचवत नाही, पण रोज सकाळी पेपर उघडणाऱ्या माणसाला तेव्हा तेच हवं होतं. पत्ता तिथेही होता, उद्या सकाळचा वाचक.

आता माझी स्वतःची फजिती, कारण पत्ता-पत्ता हे मला कुठून सुचलं ते त्याशिवाय कळणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८. हल्ला चालू असतानाच रविवारची पुरवणी लागायची होती. पान रिकामं होतं, संपादक म्हणाले तुम्हीच लिहा, आणि मी दीड तासात सातशे शब्द ठोकले. 'आपण पुन्हा उभे राहिलो', 'आपली मुंबई', 'आपण घाबरणार नाही'. सगळे खूश, चार फोनही आले. आठवड्याने कळव्याहून एक पोस्टकार्ड आलं. त्यांचा मेहुणा त्या रात्री सीएसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये गावाकडच्या गाडीची वाट बघत बसला होता, गेला. पुढे एवढंच लिहिलं होतं की मॅडम, तुमच्या लेखात आपण हा शब्द मी मोजला, एकोणीस वेळा आहे, त्यातल्या कुठल्या आपणमध्ये आम्ही आहोत ते कळवावं. खाली सही आणि पत्ता. उत्तर लिहायला मी तीनदा बसले. शेवटी नाहीच लिहिलं. ते कार्ड अजून डिक्शनरीत आहे.

त्याच हल्ल्यावर पुढच्या वर्षी विनिता कामटे यांचं 'टू द लास्ट बुलेट' आलं, विनिता देशमुखांबरोबर लिहिलेलं. अशोक कामटे त्या रात्री मारले गेलेल्या पोलीस अधिकाऱ्यांपैकी एक, आणि त्यांच्या पत्नीने शोक करत बसण्याऐवजी माहितीच्या अधिकारात अर्ज करून नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या, कितव्या मिनिटाला कोणी काय कळवलं ते मांडलं. अर्जाची सुरुवातच मुळी 'प्रति' ने होते. माझ्या एकोणीस आपणांपुढे तिचं एक 'प्रति' ठेवलं की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

तर तुझी दोन पानं. वाचली, दोनदा वाचली. पहिलं पान सगळं 'आपण' आहे. आपण कधी शिकणार, आपल्या माणसांचं रक्त, पृथ्वीवरचा स्वर्ग. ते तू नाही लिहिलेलंस, ते त्या आठवड्यात हवेत होतं आणि तुझ्या पेनातून उतरलं. त्याला शिळं म्हणतेस ते बरोबर आहे, पण ते महिन्याने शिळं झालेलं नाही, त्या रात्री लिहिलं असतंस तरी शिळंच असतं.

दुसऱ्या पानाच्या मधोमध मात्र तुझ्या डोंबिवलीच्या मामाचा तो कागद आहे. त्यांचं मे महिन्याचं काश्मीरचं बुकिंग होतं, ट्रॅव्हलवाल्याने दिलेला आठ दिवसांचा प्रिंटआउट फ्रिजला मॅग्नेटने लावलेला, पाचव्या दिवसापुढे मामीने पेनने लिहिलंय 'घोडे — गुडघा विचारणे', आणि बुकिंग कॅन्सल झाल्यावर आजी त्या कागदाच्या पाठीमागे वाण्याची यादी करते, शेंगदाणे अर्धा किलो, कापूर. हे तू तीन ओळींत उरकलंस आणि पुढच्या ओळीत लगेच 'माणुसकी हरली' वर गेलीस. का गेलीस? तिथे थांबायला भीती वाटली असेल, मला पण वाटते. पण त्या गुडघ्यावर थांब. मामीचा गुडघा, घोड्यावर बसवेल की नाही याची काळजी. ज्यांचं बुकिंग महिनाभर आधीचं होतं त्या कुणाच्या तरी कागदावर पण असंच काहीतरी पेनने लिहिलेलं असणार, आणि हे तू म्हणायची गरजच नाही, वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

पहिलं पान काढून टाक. 'माणुसकी' ते शेवट तेही काढ. मधलं वाढव, आजीची यादी पूर्ण लिही, काय काय होतं त्यात ते तिला विचार. आणि मामीला विचारल्याशिवाय गुडघा छापायचा नाही.

शनिवारी येशील तेव्हा ग्रंथसंग्रहालयातून 'तमस' काढून आण, माझी प्रत गटातल्याच कुणीतरी नेलीय आणि कोणी कबूल होत नाहीये.